स्वस्थ बसण्याचा प्रश्न

मराठीत ‘ध्यान’ या शब्दाची जेवढी फजिती झाली आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाची झाली असेल. उपनिषदांच्या घराण्यातला हा भारदस्त शब्द. पालीत त्याचा ‘झान’ झाला, चीनमध्ये ‘चान’ झाला, जपानात जाऊन ‘झेन’ या नावाने त्याने जगभर कीर्ती मिळवली. आणि इकडे आपल्या घरी? मळका सदरा, विस्कटलेले केस अशा अवतारात दारात उभ्या राहिलेल्या भाच्याकडे पाहून आत्याबाई म्हणतात, “काय हे ध्यान!” पंढरीच्या विठोबाचे रूप तेही ध्यान आणि बंडूचा अवतार तेही ध्यान. शिवाय एखादी गोष्ट ध्यानात राहत नाही, एखादी ध्यानीमनी नसताना घडते, ते निराळेच. एकाच शब्दाला इतकी पोटापाण्याची कामे आपण लावली आहेत, की त्याचे मूळचे काम, म्हणजे डोळे मिटून स्वस्थ बसणे, जवळजवळ विसरूनच गेलो होतो. ते काम अलीकडे डॉक्टरांनी त्याला परत मिळवून दिले आहे.

अरबी भाषेत या शब्दाच्या शेजारी बसवण्याजोगा शब्द आहे ‘मुराकबा’. त्याचा अर्थ राखण करणे, टेहळणी ठेवणे. ज्यांना उर्दू गझलांचा नाद आहे त्यांना ‘रकीब’ ठाऊक असेलच. तोच तो प्रेमातला प्रतिस्पर्धी, जो प्रेयसीच्या दारावर सदा डोळा ठेवून असतो. ‘रकीब’ आणि ‘मुराकबा’ सख्खी भावंडे आहेत. पण त्याहून मौजेची गोष्ट अशी, की अल्लाहची जी ९९ नावे मुसलमान श्रद्धेने जपतात त्यांत ‘अर-रकीब’ हेही एक आहे. सर्वांवर लक्ष ठेवणारा तो. म्हणजे मुराकब्याला बसलेला माणूस स्वतःच्या मनावर पहारा ठेवतो आणि त्याच्यावर आणखी कोणाचा तरी पहारा आहे याची जाण बाळगतो. आपल्या ‘ध्यान’ शब्दात एकाग्रता आहे. या शब्दात जाग आहे. दोन्हींतला हा बारीक फरक वाचकांनी ध्यानात (पाहा, आलाच तो शब्द!) ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

हे शब्दपुराण आज लावण्याचे कारण एक पत्र. या सदरातून मागे एकदा मराठीतल्या मुसलमान संतकवींविषयी लिहिले होते. ते वाचून एका भगिनीने पत्र धाडले. मूळच्या कोकणातल्या, मराठी शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत. २०२१ साली, त्या साथीच्या दिवसांत, पती गेले. तेव्हापासून झोप अशी नाही. रात्री दोनला जाग येते आणि छातीत धडधडू लागते. औषधे झाली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी सांगितले, सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे शांत बसा, श्वासाकडे लक्ष ठेवा, मन भरकटले की हळूच परत आणा. बाईंना त्याचा गुण येऊ लागला. इतक्यात आखातातून रजेवर आलेला मुलगा म्हणाला, “अम्मी, हे आपल्यात चालत नाही. हे दुसऱ्यांचे आहे.” तो उद्धटपणाने बोलला नाही, हेही बाईंनी आवर्जून लिहिले आहे. पण त्या दिवसापासून डोळे मिटले की श्वासाऐवजी मुलाचे वाक्यच ऐकू येते. “सर, मी पाप तर करीत नाही ना? मौलवीसाहेबांना विचारायला संकोच वाटतो आणि शेजारणींना विचारले तर त्या म्हणतात, अहो, ध्यान म्हणजे सगळ्या धर्मांत सारखेच! त्याने माझे समाधान होत नाही.”

फतवा देण्याचा अधिकार मराठीच्या अध्यापकाला कोणी दिलेला नाही आणि मीही तो घेणार नाही. पण पुस्तके चाळण्याचा अधिकार आहे. आणि शेजारणींच्या उत्तराने बाईंचे समाधान होऊ नये, हे मला फार शहाणपणाचे वाटले.

‘चालते का?’ हा प्रश्न आपल्याला अनोळखी नाही. उपासाला भगर चालते का, शेंगदाणे चालतात का, एकादशीला साबुदाण्याचा वडा हा उपास की चैन, यावर आपल्या घरांतून किती खल होतो! इस्लामी धर्मशास्त्राने तर या ‘चालते’चे रीतसर पाच कप्पे केले आहेत. जे केलेच पाहिजे ते फर्ज. केले तर पुण्य, न केले तर दोष नाही ते मुस्तहब. केले काय, न केले काय, सारखेच ते मुबाह. टाळलेले बरे ते मक्रूह. आणि करूच नये ते हराम. बाहेरच्या माणसाला वाटते की इस्लाममध्ये हलाल आणि हराम अशा दोनच पेट्या आहेत. वास्तविक या मधल्या तीन पेट्यांतच माणसाचा बराचसा दिवस जातो.

आता खरी गोम पुढे आहे. शास्त्रकार आणखी एक भेद करतात, तो इबादत आणि आदत यांमधला. इबादत म्हणजे उपासना, आदत म्हणजे रोजचा व्यवहार. व्यवहाराच्या गोष्टींत, जोवर मनाई दाखवता येत नाही तोवर मोकळीक. उपासनेच्या गोष्टींत नेमके उलटे: जोवर आधार दाखवता येत नाही तोवर थांबा. कारण उपासनेत प्रत्येकाने आपल्या मनाची भर घालायची म्हटले, तर मूळ धर्म ओळखू येणार नाही, ही भीती. अशा भर घातलेल्या गोष्टीला ‘बिदअत’ म्हणतात. दोन शब्दांत एका ‘इब’चा काय तो फरक, पण सारा वाद त्यावर उभा आहे. वीस मिनिटे श्वास पाहणे ही उपासना आहे, की रक्तदाबासाठी मीठ कमी खाण्यासारखा व्यवहार? मुलगा ती उपासना धरून बोलतो आहे; डॉक्टरीणबाई व्यवहार धरून. दोघेही आपापल्या जागी ठीकच आहेत. भांडण आहे ते गोष्ट कोणत्या पेटीत टाकायची याचे.

डॉक्टरीणबाईंच्या पद्धतीचा इतिहासही थोडासा पाहिला पाहिजे. जॉन कबाट-झिन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत जुनाट दुखण्यांनी पिडलेल्या रोग्यांसाठी वर्ग काढला. झेन आणि विपश्यना यांचा अभ्यास त्यांनी केला होता. त्यातला बुद्ध, धम्म, निर्वाण हे सगळे बाजूला ठेवून उरले ते त्यांनी रोग्यांना शिकवले. आज इस्पितळांतून सांगतात ते बहुधा या वंशातले. तेव्हा “हे दुसऱ्यांचे आहे” असे जे मुलगा म्हणतो, त्यात तथ्य नाही असे नाही. डॉक्टरीणबाई म्हणतील, आम्ही ते धुऊन-पुसून घेतले आहे. धुतल्यावर रंग किती राहिला, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्या मुलाला कर्मठ म्हणून बाजूला सारण्याची घाई मी तरी करणार नाही.

पण ‘स्वस्थ बसणे’ हेच मुळी इस्लामला परके आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला मक्केजवळच्या जबल-ए-नूर या डोंगराची वाट दाखवावी लागेल. त्या डोंगरात हिरा नावाची एक लहानशी गुहा आहे. प्रेषित होण्याच्या आधी मुहम्मद पैगंबर तिथे जाऊन राहत, बरोबर शिधा नेत, तो संपला की घरी येऊन खदीजाबाईंकडून पुन्हा घेऊन जात. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, व्यापार-संसार असलेला माणूस गुहेत एकटा बसतो. इसवी सन ६१० च्या सुमारास पहिला साक्षात्कार तिथेच झाला. यावर कडव्या विद्वानांचे म्हणणे असे, की पुढे प्रेषितपद मिळाल्यावर ते त्या गुहेत पुन्हा बसायला गेले नाहीत. तेव्हा अनुयायांनी गुहेचे अनुकरण करण्याचे कारण नाही. म्हणणे तर्काला धरून आहे. पण एकांत संपला असे मात्र झाले नाही. रमजानच्या शेवटच्या १० दिवसांत मशिदीत मुक्काम करून राहण्याची एतिकाफची चाल प्रेषितांनीच पाळली आणि ती आजतागायत चालू आहे. आपल्या गावच्या मशिदीतही त्या दिवसांत एखाद्या कोपऱ्यात पडदा बांधलेला दिसतो. आत कोणीतरी बसलेले असते.

आणि कुराणातच चिंतनाला जागा आहे. तिसऱ्या सूरेच्या अखेरीस, उभे असता, बसले असता, आडवे झाले असताही ईश्वराचे स्मरण करणाऱ्या आणि आकाश-पृथ्वीच्या रचनेवर विचार करणाऱ्या माणसांची वाखाणणी आहे. १३व्या सूरेतल्या २८व्या आयतीत तर मनाच्या स्वस्थतेचा संबंध थेट अल्लाहच्या स्मरणाशी जोडला आहे. स्मरण म्हणजे ‘जिक्र’, चिंतन म्हणजे ‘फिक्र’. (आपण मराठीत ‘फिकीर’ म्हणजे काळजी करून टाकली. परभाषेतला शब्द घरात घेताना त्याचे सामान बाहेरच ठेवायचे, ही आपली जुनी खोड.)

या सगळ्या परंपरेत मला सर्वांत जवळचा वाटतो तो इमाम गजाली. कारण उघड आहे: तो मास्तर होता. बगदादच्या निजामिया या त्या काळच्या सर्वांत नामांकित विद्यापीठात मुख्य अध्यापक, समोर ३०० विद्यार्थी, दरबारात मान. वय सदतिसाच्या आसपास. आणि १०९५ साली एके दिवशी वर्गात उभे राहिल्यावर त्याच्या तोंडून शब्द फुटेना. जीभ जड झाली. अन्न जाईना, घोटभर पाणी उतरेना. वैद्यांनी हात टेकले. दुखणे मनाचे आहे, तिथे आमचे औषध पोहोचत नाही, असे त्यांनी सांगितले. ही सारी हकीकत त्याने स्वतःच्या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. आपण शिकवतो ते देवासाठी की नावलौकिकासाठी, या प्रश्नाने त्याला आतून पोखरले होते. अखेर हजला जातो असे सांगून त्याने बगदाद सोडले, बायकामुलांची तजवीज लावली, बाकीचे धन वाटून टाकले आणि दमास्कस गाठले. तिथल्या मोठ्या मशिदीच्या मनोऱ्यावर चढायचे, आतून दार लावून घ्यायचे आणि दिवसभर बसायचे, असा क्रम त्याने ठेवला. जवळपास दोन वर्षे तो त्या भागात होता.

आम्हा अध्यापकांचीही जीभ कधीकधी जड होते. पण आम्ही वैद्यकीय रजा टाकतो आणि सोमवारी परत हजर होतो. असो.

गजाली परतला, लिहू लागला, आणि त्याच्या ‘इह्या उलूम अद-दीन’ या ४० भागांच्या ग्रंथात ३८वा भाग मुराकबा आणि मुहासबा यांवर, म्हणजे मनाच्या राखणीवर आणि मनाच्या हिशेबावर आहे, ३९वा चिंतनावर. त्यात त्याने एक गोष्ट दिली आहे, ती माझ्या वर्गातल्या मुलांनाही फार आवडते. बगदादचे सूफी शिबली एकदा नूरी नावाच्या सत्पुरुषाला भेटायला गेले. नूरी एका कोपऱ्यात असे बसले होते की अंगावरचा केसही हलत नव्हता. शिबलींनी विचारले, हे असे बसायला कोणाकडून शिकलात? नूरींनी सांगितले, आमच्या घरी एक मांजर होते, त्याच्याकडून. ते उंदराच्या बिळापाशी दबा धरून बसले म्हणजे असेच बसे. गुरू म्हणून मांजर पत्करणारा आणि ते उघड सांगणारा हा साधू मला मोठा वाटतो. आणि या गोष्टीत शांतीचे नाव नाही, हेही पाहा. बिळापाशी बसलेले मांजर शांत दिसते, पण ते शांतीसाठी बसलेले नसते. त्याचे सारे चित्त बिळाकडे असते. सूफींच्या लेखी स्वस्थता हा उंदीर नव्हे. उंदीर दुसराच आहे. नेमका हाच मुद्दा आजचे पुष्कळ मौलवी मांडतात, की मन रिकामे करायला आमच्याकडे सांगितलेले नाही, ते भरायला सांगितले आहे.

आता विरोधकांचा विचार. दमास्कसचा इब्न तैमिया हा त्यांतला बलदंड पंडित. १३२८ साली दमास्कसच्या किल्ल्यात, बंदिवासातच तो वारला. सूफींच्या काही रीती त्याला मुळीच मान्य नव्हत्या. नुसते ‘अल्लाह, अल्लाह’ असे एकच नाव शेकडो वेळा म्हणत राहणे, किंवा नुसता ‘हू, हू’ असा घोष करणे, याला प्रेषितांच्या वागण्यात आधार नाही, असे त्याने ठासून सांगितले. आज जे तरुण “हे आपल्यात चालत नाही” म्हणतात, त्यांच्या बोलण्यामागे पुष्कळदा या पंडिताची सावली असते. आणि तरीही, त्याचा पट्टशिष्य इब्न कय्यिम याने लिहून ठेवले आहे, की गुरुजी पहाटेच्या नमाजानंतर जे जिक्र करीत बसत ते जवळजवळ दुपार होईपर्यंत. आणि म्हणत, ही माझी न्याहारी आहे, ही घेतली नाही तर माझी ताकद जाईल. म्हणजे बसण्याला या कडव्या पंडिताचाही विरोध नव्हता. बसून काय म्हणायचे आणि ते कोणी सांगितले, यावर तो अडून होता.

इकडे हिंदुस्थानात तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची झाली, कारण इथे सूफी आणि जोगी एकाच झाडाखाली उतरत. अकराव्या शतकाच्या आरंभी अल्-बिरूनीने पतंजलीचे योगसूत्र अरबीत नेले. सोळाव्या शतकात शेख मुहम्मद गौस ग्वालियरी यांनी ‘अमृतकुंड’ नावाच्या योगावरच्या ग्रंथाचे फार्सी रूपांतर ‘बह्र-उल-हयात’ या नावाने सिद्ध केले. (ग्वाल्हेरला तानसेनाची समाधी पाहायला जाणाऱ्यांना शेजारची जी भव्य कबर दिसते ती यांचीच.) त्या ग्रंथपरंपरेत नाथांची ओळख मुसलमान वाचकाला कशी करून दिली आहे, ठाऊक आहे? गोरख म्हणजे खिज्र, चौरंगी म्हणजे इलियास आणि मच्छिंद्र म्हणजे युनुस! युनुस पैगंबरांना माशाने गिळले होते आणि मच्छिंद्रनाथ माशाच्या पोटातले. नवनाथांची पोथी ऐकत वाढलेल्या आपल्याला हे जुळवणे पाहून हसू येते, आणि जुळवणाऱ्याच्या बुद्धीचे कौतुकही वाटते.

श्वास रोखण्याची ‘हब्स-ए-दम’ ही क्रिया सूफींच्या पुस्तकांतून येते तिचे जोग्यांशी नाते आहे, हे जाणकार मुसलमान विद्वानांनी लपवलेले नाही. देवबंदच्या परंपरेतले मौलाना अश्रफ अली थानवी, हे १९४३ साली वारले, त्यांची भूमिका मला उलगडा करणारी वाटते. असले व्यायाम म्हणजे इबादत नव्हे, इलाज आहे, असे ते धरतात. मन भटकते, त्याला ठिकाणावर आणायचे औषध. औषध कोणाच्या दुकानातले हे पाहावे लागत नाही. मात्र औषधालाच देव मानायचे नाही.

आजच्या काळातले निर्णय पाहिले तर तेही याच खाचेतून गेलेले दिसतात. २००८ च्या नोव्हेंबरात मलेशियाच्या राष्ट्रीय फतवा परिषदेने योगाविरुद्ध निर्णय दिला तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्यांचा रोख आसन, मंत्र आणि उपासना एकत्र गुंफलेल्या योगावर होता. लगेच तिथले पंतप्रधान अब्दुल्ला बदावी यांना खुलासा करावा लागला, की मंत्र वगळून व्यायाम म्हणून करायला हरकत नाही. २००९ च्या जानेवारीत इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने तीच रेघ ओढली: मंत्र आणि पूजाविधी असतील तर नाही, नुसता व्यायाम असेल तर चालेल. २०१७ साली सौदी अरेबियाने क्रीडाप्रकार म्हणून योगाला परवानगी दिली. मुलगा ज्या आखातात नोकरी करतो त्याच्या अंगणातली ही गोष्ट. २०२४ साली संयुक्त राष्ट्रसंघाने २१ डिसेंबर हा जागतिक ध्यान दिन म्हणून जाहीर केला. पण संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावाने कोणाच्या आईची आणि मुलाची समजूत पटल्याचे ऐकिवात नाही.

इथे आपल्या, म्हणजे बहुसंख्य वाचकांच्या, एका सवयीबद्दल बोलणे भाग आहे. “ध्यान सगळ्या धर्मांत एकच” हे वाक्य आपण फार उदारपणे वापरतो. त्या उदारपणात एक सूक्ष्म दादागिरी असते. मंत्र म्हणायला नकार देणारा माणूस आपल्याला संकुचित वाटतो. पण ज्याची सारी श्रद्धा एकाच अल्लाहखेरीज कोणाला हाक मारायची नाही यावर उभी आहे, त्याने दुसऱ्या देवतेचे नाव ओठांवर घेऊ नये, यात संकुचित काय आहे? आपल्याकडचा निष्ठावंत वारकरीसुद्धा वाटेल त्याची माळ गळ्यात घालत नाही. शेजारणींनी बाईंना दिलासा दिला तो मनापासून दिला, पण बाईंचा प्रश्नच त्यांनी हिरावून घेतला.

मग बाईंना काय लिहिले? पहिली गोष्ट ही, की श्वास पाहत बसण्यात कोणाचे नाव घेतले जात नाही, कोणापुढे हात जोडले जात नाहीत. ते औषध म्हणून, औषधाच्या हेतूने चालले आहे. बुखारी यांच्या हदीससंग्रहात पहिली हदीस आहे ती हेतूविषयीच. तेव्हा जी पुस्तके मी पाहिली त्यांवरून ही गोष्ट मुबाहच्या पेटीत पडते असे मला दिसते, पण संकोच सोडून मौलवीसाहेबांना जरूर विचारावे, आणि विचारताना “ध्यान चालते का?” असे न विचारता, नेमके काय करता ते एकेक सांगून विचारावे. त्या एका शब्दाने सारे वादळ उठते. मुलालाही जवळ बसवून तेच सांगावे.

दुसरी गोष्ट मला स्वतःलाच सापडल्यावर आनंद झाला, ती. प्रेषितांची कन्या फातिमाबाई. घरात मोलकरीण नाही. जात्यावर दळून-दळून हातांना घट्टे पडले. त्या वडिलांकडे एक सेवक मागायला गेल्या. वडील रात्री त्यांच्या घरी आले आणि सेवकाऐवजी दुसरेच देऊन गेले: निजताना ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणत जा. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हकीकत आहे. तिच्या आधाराबद्दल इब्न तैमियाचा चाहताही शंका घेणार नाही. निजण्याच्या वेळी, थकलेल्या बाईसाठी, बोटांच्या पेरांवर मोजायचे शंभर शब्द. ज्यांची झोप रात्री दोनला मोडते त्यांना यापेक्षा घरचे असे काय सांगावे? डॉक्टरीणबाईंची वीस मिनिटे सकाळी असू द्यावीत, ही शंभर रात्री.

जात्याचे नाव निघाले म्हणून सांगतो. ओवी ही आपलीच मिरास आहे असे आपण समजतो. पण विजापूरच्या सूफींच्या मंडळींनी दखनी भाषेत ‘चक्कीनामे’ रचले होते, बायकांनी दळताना म्हणायचे. जात्याच्या फेऱ्याबरोबर जिक्र चालावे अशी त्यांची बांधणी. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने विजापूरच्या सूफींवरच्या १९७८ सालच्या ग्रंथात त्यांचा चांगला परामर्श घेतला आहे. गजालीला मनोऱ्यावर चढून दार लावून घेणे परवडले. दख्खनच्या बायकांना पहाटेचे पीठ चुकत नव्हते. त्यांनी दळतादळताच भागवले. माझ्या मते ध्यानाच्या साऱ्या इतिहासात या चक्कीनाम्यांची जागा मोठी आहे, आणि ती अजून कोणी नीट दिलेली नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांबद्दल मागे लिहिलेच आहे. सूफी चांद बोधले यांच्याशी परंपरा त्यांचे नाते सांगते, आणि ‘योगसंग्राम’ नावाचा त्यांचा मराठी ग्रंथ आहे. मुसलमान घराण्यातल्या माणसाने ग्रंथाच्या नावातच ‘योग’ घालावा आणि गावाने त्याला संत म्हणावे, हे आपल्याच मातीत झाले. त्या नावापुढे ‘संग्राम’ आहे, ‘शांती’ नाही, हे मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटते.

छत्रपती संभाजीनगरला, पूर्वीच्या औरंगाबादला, पाणचक्की आहे. शाळांच्या सहली नेहमी जातात. पाण्याच्या जोराने फिरणारे ते जाते सगळे पाहतात. ते ज्या खानकाहच्या अन्नासाठी फिरत असे तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. ही जागा बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींची. ते आले बुखाऱ्याकडच्या गिजदुवान गावाहून, आणि त्याच गावच्या अब्दुल खालिक गिजदुवानी या बाराव्या शतकातल्या पुरुषाच्या नावावर नक्शबंदी पंथाची सूत्रे सांगतात. एक आहे ‘होश दर दम’: श्वासागणिक भान. दुसरे ‘खिलवत दर अंजुमन’: गर्दीतला एकांत. हा पंथ जिक्र मोठ्याने करीत नाही, मनातल्या मनात करतो. म्हणून त्याला ना गुहा लागते ना मनोरा.

काही वर्षांमागे मी कॉलेजची मुले घेऊन तिथे गेलो होतो. वडाखाली त्यांनी डबे उघडले, फोटो काढले, हौदातल्या माशांना चुरमुरे टाकले. गोंगाटाला सीमा नव्हती. मजारीच्या बाजूला भिंतीला टेकून एक वृद्ध गृहस्थ मान खाली घालून बसले होते. हातात तसबी नव्हती, ओठ हलत नव्हते. एका मुलाने मला हळूच विचारले, “सर, त्यांना झोप लागली आहे का?” तासाभराने आमची बस निघाली, तेव्हाही ते तसेच बसून होते.